पाहणी करायची तर पाहायला जा

मंडळी, आजचा लेख जरा भांडखोर आहे. भांडण बाहेरच्या कुणाशी नाही, आपल्याच लोकांशी आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारे आणि 'डेटा काय म्हणतो ते बघू' हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणणारे. शनिवारी सकाळी चहाबरोबर भांडण नको असेल त्यांनी पुढच्या आठवड्यात यावं, तेव्हा काहीतरी गोड लिहीन :-)

तर मुद्दा असा. गेल्या काही वर्षांत आपल्याला एक खोड लागली आहे. कुठलाही प्रश्न आला की आपण फॉर्म बनवतो. सोसायटीत पार्किंगवरून वाद झाला, फॉर्म. ऑफिसच्या कँटीनची तक्रार, फॉर्म. गणपतीत ढोल-ताशा ठेवायचा की नाही, फॉर्म. सुट्टीच्या दिवशी समाजकार्य करणारा एखादा मित्र 'वस्तीतल्या बायकांच्या आरोग्याचा सर्व्हे' करायचा म्हणतो, तोही फॉर्म. दहा मिनिटांत प्रश्न टाइप होतात, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, दोन दिवसांत उत्तरं एक्सेलमध्ये येऊन पडतात आणि तिसऱ्या दिवशी रंगीत पाय-चार्टसकट निकाल जाहीर होतो. 'बहात्तर टक्के लोकांचं म्हणणं आहे की...'

कुठले लोक? किती जणांतले बहात्तर टक्के? उरलेले कुठे गेले? हे विचारलं की समोरचा अशा नजरेनं बघतो, जणू आपण त्याच्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकमध्ये केस शोधून काढलाय.

माझं म्हणणं सरळ आहे. माहिती कशी गोळा करायची हा 'कुठलं टूल वापरू' छापाचा, सगळ्यात शेवटी उरकायचा प्रश्न नाही. तो पहिल्या दोन-तीन निर्णयांपैकी एक आहे, आणि कित्येकदा तो निर्णय घेतला त्याच क्षणी उत्तरही ठरून गेलेलं असतं. आपल्याला सोयीची म्हणून एक पद्धत उचलायची आणि निकालाला 'लोकांचं मत' असं नाव द्यायचं, याला मी अप्रामाणिकपणा म्हणतो. 'आळस' हा शब्द मला त्यासाठी फार सौम्य वाटतो.

गंमत बघा, आपल्या भाषेत सर्व्हेला फार चांगला शब्द आहे: पाहणी. राष्ट्रीय नमुना पाहणी, पीक पाहणी. पाहणी म्हणजे पाहणं. कुणीतरी उठून जाणं, डोळ्यांनी बघणं, समोर बसून विचारणं. लिंक पाठवून वाट बघत बसणं याला काहीही म्हणा, पाहणी म्हणू नका.

'पण आपल्याकडे रिस्पॉन्स खूप आलेत ना!'

हे पहिलं उत्तर नेहमी येतं. म्हणून आधी तेच निकालात काढू.

१९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे रूझवेल्ट आणि रिपब्लिकन पक्षाचे लँडन. 'लिटररी डायजेस्ट' नावाचं एक नामांकित साप्ताहिक टपालानं मतपत्रिका पाठवून अंदाज बांधायचं. आधीच्या चारही निवडणुकांत त्यांचा विजेता बरोबर आला होता. त्या वर्षी त्यांनी सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या. तेवीस-चोवीस लाख भरून परत आल्या. आजही असा प्रतिसाद कुणाला मिळाला तर तो पार्टी देईल. निष्कर्ष निघाला की लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार.

प्रत्यक्षात रूझवेल्टना सुमारे ६१ टक्के मतं मिळाली आणि ४८ पैकी ४६ राज्यं त्यांनी जिंकली. जॉर्ज गॅलप नावाच्या माणसानं त्या मानानं चिमूटभर, म्हणजे सुमारे पन्नास हजार लोकांना विचारून रूझवेल्ट येणार हे सांगितलं होतं. 'लिटररी डायजेस्ट' १९३८ मध्ये बंद पडलं.

ही गोष्ट संख्याशास्त्राच्या पुस्तकांत असते आणि बहुतेक ठिकाणी अर्धीच सांगितली जाते. अर्धी म्हणजे: पत्ते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदींतून घेतले होते, मंदीच्या काळात फोन आणि गाडी फक्त पैसेवाल्यांकडे, म्हणून चूक झाली. खरं आहे, पण पुरं नाही. १९८८ साली पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकानं १९३७ मधल्या गॅलपच्याच एका पाहणीची आकडेवारी काढून तपासलं. त्यात असं दिसलं की यादी एकांगी होती हे खरंच, पण ज्यांना पत्रिका गेल्या त्या सगळ्यांनी जरी त्या परत पाठवल्या असत्या, तरी निदान जिंकणारा माणूस बरोबर आला असता. घात झाला तो उत्तर देणारे आणि न देणारे वेगळे होते म्हणून. रूझवेल्टवर चिडलेल्या माणसानं आवर्जून पत्रिका भरली. समाधानी माणसानं ती टेबलावर ठेवली आणि विसरून गेला.

आता आपल्या सोसायटीचा ग्रुप आठवा. फॉर्म कोण भरतं? ज्याचं पित्त खवळलंय तो.

हे शब्दांत पटत नसेल तर आकड्यात मांडतो, आपल्या लोकांना ते आवडतं. समजा शंभर घरांना फॉर्म पाठवला, तीस घरांनी भरला आणि त्यातल्या ऐंशी टक्क्यांनी 'हो' म्हटलं. म्हणजे चोवीस घरांचा 'हो' नक्की. उरलेल्या सत्तर घरांबद्दल आपल्याला शष्प माहीत नाही. ते सगळे 'नाही' म्हणणारे असतील तर खरा आकडा २४ टक्के, सगळे 'हो' म्हणणारे असतील तर ९४ टक्के. म्हणजे तुमच्या रंगीत पाय-चार्टचा प्रामाणिक अर्थ असा की खरं मत २४ ते ९४ च्या मध्ये कुठेतरी आहे. हे सांगायला फॉर्म कशाला हवा होता? उलट शंभरातली नव्वद घरं गाठली आणि साठ टक्के 'हो' म्हणाले, तर खरा आकडा ५४ ते ६४ मध्येच असणार. फरक तुमच्या हुशारीचा नाही, पायपिटीचा आहे.

'पण आता मोबाइल सगळ्यांकडे आहे!'

हे दुसरं उत्तर. १९३६ मध्ये फोन श्रीमंतांकडे होते, आता भाजीवाल्याकडेही स्मार्टफोन आहे, तेव्हा तुमची गोष्ट जुनी झाली वगैरे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे बघा. १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतःला वापरता येईल असा मोबाइल असलेल्या सुमारे ५४ टक्के. आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. 'कधीतरी' हा शब्द नीट वाचा. रोज नव्हे, कधीतरी. त्यानंतर हे प्रमाण वाढलं असेल, वाढावंच. पण घरात फोन असणं, तो आपल्या हातात असणं, लिंक उघडता येणं, उघडलेला इंग्रजी फॉर्म समजणं आणि तो भरायला दुपारी पाच मिनिटं मोकळी मिळणं, या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात, आणि बहुतेक वेळा तीच माणसं गळतात ज्यांच्यासाठी म्हणे आपण सर्व्हे करत असतो.

आणि हे ३३.३ टक्के आपल्याला कळले कसे? लिंक पाठवून? 'तुम्ही इंटरनेट वापरता का?' असा ऑनलाइन फॉर्म पाठवला असता तर उत्तर शंभर टक्के आलं असतं! मुंबईतल्या अंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली देशभर माणसं दारोदार गेली, सुमारे सहा लाख ३७ हजार घरांत बसली, म्हणून तो आकडा हाती आला.

आता एक घरचं उदाहरण. आमच्या सोसायटीला एक मागचं गेट आहे. एके दिवशी सुरक्षेच्या कारणावरून ते कायमचं बंद करायचा विषय निघाला आणि अर्थातच फॉर्म आला. 'मागचं गेट बंद करावं का? हो / नाही.' घसघशीत बहुमतानं 'हो' आलं आणि कुलूप लागलं.

फॉर्म कुठे गेला होता? फ्लॅटमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. त्यात भाडेकरू नाहीत. मालकांपैकी काही पुण्यातच राहत नाहीत, काही तर भारतातही नाहीत. पण मत त्यांचं धरलं गेलं. जे राहतात ते गाडीतून पुढच्या गेटनं जातात. मागच्या गेटनं कोण येतं? घरकामाला येणाऱ्या मावशी, स्वयंपाकाच्या काकू, इस्त्रीवाला, पेपरवाला, शिफ्ट बदलताना वॉचमन आणि सकाळी फिरायला जाणारे आजी-आजोबा. यातल्या बहुतेकांच्या फोनवर ती लिंक गेलीच नव्हती. गेट बंद झाल्यावर मावशींना हमरस्त्यावरून, जिथे फुटपाथ नावापुरताच आहे तिथून, मोठा वळसा पडू लागला. चार घरची कामं असणाऱ्या बाईला रोज वीस मिनिटं म्हणजे काय, ते वर्क फ्रॉम होम करणाऱ्याला कळणं कठीण. आमच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "दादा, आमाला कुनी इचारलंच नाही."

मी हे कमिटीत मांडलं तेव्हा मिळालेलं उत्तर मला अजून पाठ आहे: "सर, आपल्याकडे डेटा आहे."

मग आम्ही तिघांनी एक साधं काम केलं. चौकीदाराच्या खुर्चीशेजारी कागद-पेन घेऊन दोन दिवस पाळीपाळीनं बसलो आणि गेटशी येऊन कुलूप बघून मागे फिरणाऱ्यांच्या रेघा ओढल्या. चार उभ्या, एक आडवी. वेळ लिहिली, आणि रहिवासी की कामाला येणारे एवढंच लिहिलं. कुणालाही एकही प्रश्न विचारला नाही. तो कागद कमिटीपुढे ठेवल्यावर सकाळपुरतं गेट उघडलं. संध्याकाळचं कुलूप अजून तसंच आहे, भांडण चालू आहे. पण मुद्दा लक्षात आला का? गेट कोण वापरतं हा मताचा प्रश्नच नव्हता. तो मोजायचा प्रश्न होता, आणि आपण त्यावर मतदान घेतलं.

आपण इंजिनिअर लोक ही चूक कामावर कधी करत नाही. सर्व्हर दिवसातून किती वेळा पडला हे युजरला फोन करून विचारतो का? लॉग बघतो. पण ऑफिसातून घरी आलो की लॉग नावाची गोष्ट विसरतो. पाणी किती लागतं ते मीटरवर वाचता येतं, त्यासाठी 'तुम्ही पाणी जपून वापरता का?' असा फॉर्म कशाला? जगात आजवर कुणीतरी त्याला 'नाही' असं उत्तर दिलंय का?

जे मोजता येतं ते मोजा. जे कागदावर नोंदलेलं आहे ते कागदातून घ्या. जे फक्त माणसाच्या मनात आहे तेवढंच माणसाला विचारा. हा माझा पहिला नियम.

नोंदींवरून आठवलं. तुमच्यापैकी कितीतरी जण पिंपळे सौदागरला राहतात. तिथून हिंजवडीला जाताना सिग्नलवर कंटाळाल तेव्हा आठवायला एक गोष्ट देतो. सर्वेक्षणाच्या इतिहासात तुमचं गाव फार मोठं आहे! पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन या छोट्या गावाचा अभ्यास केला आणि तो १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' या नावानं प्रसिद्ध झाला. दख्खनच्या खेड्याची इतकी बारकाईनं केलेली ही अगदी सुरुवातीची पाहणी. त्यांनी दाखवलं की १५६ जमीनमालकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली आहे आणि त्यातले ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान आहेत. १७७१ साली गावात सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आली होती.

आता विचार करा, 'तुमच्या खापरपणजोबांकडे किती जमीन होती?' असं दारोदार विचारून १७७१ चा आकडा मिळाला असता का? तो जुन्या कागदपत्रांतूनच येणार. उलट आजचं कर्ज, मजुरी, घरातली खाणारी तोंडं हे कुठल्याही दप्तरात सापडत नाही, ते घरी बसूनच विचारावं लागतं. एकाच गावात, एकाच अभ्यासात, प्रश्न बदलला की पद्धत बदलते. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीच्या काळात लोकांनी हे तारतम्य ठेवलं, आणि त्याच गावात चौदाव्या मजल्यावर बसून आपण सगळ्याला एकच लिंक पाठवतो. असो.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, दारात जाऊन विचारलं की झालं ना? नाही हो, तिथेही खाचखळगे आहेत. पद्धत निवडणं म्हणजे फक्त फॉर्म की फोन की भेट एवढंच नाही. प्रश्न कसा विचारला हाही पद्धतीचाच भाग.

याचं आपल्या देशातलं सगळ्यात महागडं उदाहरण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीचं, १९९९-२००० मधलं. घरात खाण्यापिण्यावर किती खर्च झाला हे आधीच्या मोठ्या फेऱ्यांत 'गेल्या ३० दिवसांत' असं विचारत. या फेरीत त्याच तक्त्यात शेजारी-शेजारी दोन रकाने दिले: गेले ७ दिवस आणि गेले ३० दिवस. झालं काय, तर एका रकान्यातल्या उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम होऊ लागला. सात दिवसांचा खर्च आठवून सांगितला की त्याच्याशी जुळेल असा महिन्याचा आकडा आपोआप तोंडात येतो. त्या फेरीवरून गरिबीचं प्रमाण १९९३-९४ च्या सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं. यातली खरी घट किती आणि रकान्यांची करामत किती, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. पुढे २०१५ साली नोबेल मिळालेले अँगस डीटन त्यात आघाडीवर होते. 'द ग्रेट इंडियन पॉव्हर्टी डिबेट' असं एक अख्खं पुस्तक २००५ मध्ये निघालं. शंभर कोटींच्या देशात एक टक्का म्हणजे एक कोटी माणसं. छापील कागदावरच्या एका जादा रकान्यानं किती कोटी माणसं गरिबीच्या रेषेच्या इकडची तिकडे गेली, हा वादाचा विषय व्हावा, यापेक्षा पद्धतीचं महत्त्व आणखी कसं सांगू?

आणि मोजमाप? त्यातही मेख आहे. चाळीसच्या दशकात पिकाचा उतारा काढताना शेतात लहानसा तुकडा आखून तेवढंच पीक कापून तोलायचं, अशी रीत होती. महालनोबिसांच्या बंगालमधल्या पाहण्यांत असे लहान तुकडे वापरले जात. आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याजवळच्या बुधचे आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेले, यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उतारा हमखास जास्त येतो. का? कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत धरतो. लबाडी म्हणून नाही, मनुष्यस्वभाव म्हणून. तुकडा लहान असला की त्या मानानं कड मोठी, म्हणून चूकही मोठी.

मला महालनोबिसांचीही एक युक्ती फार आवडते, आणि ती आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. एकाच भागासाठी दोन स्वतंत्र नमुने काढायचे, दोन वेगळ्या तुकड्यांना पाठवायचं आणि उत्तरं ताडून बघायची. जुळली तर ठीक, नाही जुळली तर निदान कळतं तरी की कुठेतरी पाणी मुरतंय. आपण एक फॉर्म पाठवतो आणि एकच निकाल बघतो, त्यामुळे पाणी कुठे मुरलं हे कळायची सोयच नसते.

मग नाजूक प्रश्नांचं काय? इथे मात्र दारात जाणारा माणूसच अडचण होऊ शकतो. सासू शेजारी बसलेली असताना सून काय सांगणार? म्हणूनच कुटुंब आरोग्य पाहणीत घरातल्या हिंसाचाराबद्दलचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच. नाही मिळाला तर तो भाग सोडून देतात. उत्तर गमावलं तरी चालेल, पण त्या बाईला धोका नको आणि खोटं उत्तर नको. ही शिस्त बघितली की 'वस्तीतल्या बायकांच्या आरोग्याचा' फॉर्म नवऱ्याच्या फोनवर पाठवणाऱ्या माझ्या मित्रांना मला हात जोडावेसे वाटतात.

'वेळ कुणाकडे आहे?'

हे तिसरं आणि खरं उत्तर. आधीची दोन तोंडी लावायला होती. मान्य, वेळ नाही. पण हिशोब तरी करा. सहाशे फ्लॅटची सोसायटी आहे. सगळ्यांकडे जायची गरजच नाही. फ्लॅट नंबरांची यादी एक्सेलमध्ये घ्या, रँडमनं ऐंशी निवडा. आठ जण तयार झाले तर प्रत्येकी दहा दारं. एक रविवार सकाळ आणि एक कामाच्या दिवसाची संध्याकाळ. दार बंद असेल तर परत जा, तीनदा जा. शेजारच्या दारावर टकटक करून भागवू नका, कारण नेहमी घरी असणारा आणि कधीच घरी नसणारा ही वेगळी माणसं असतात. ऐंशींपैकी जवळजवळ सगळे गाठलेत, तर साधारण दहा टक्के इकडे-तिकडे इतकं खात्रीचं उत्तर मिळतं. हे दोनशे जणांनी आपापल्या रागाप्रमाणे भरलेल्या फॉर्मपेक्षा कितीतरी मोलाचं आहे, कारण त्या दोनशेंच्या चुकीला मोजमापच नाही. आठ माणसांचे चार तास मिळत नसतील, तर प्रश्न महत्त्वाचा नाही असं खुशाल कबूल करा. मग निर्णय कमिटीनं घ्यावा आणि त्याची जबाबदारीही कमिटीनंच घ्यावी. लोकांच्या नावाची झूल पांघरू नये.

बरं, मी फॉर्मचा शत्रू नाही. टी-शर्टचे साइज, सहलीला व्हेज की नॉनव्हेज, बारा जणांच्या टीमला मीटिंग कधी सोयीची, यासाठी फॉर्म उत्तम. कारण तिथे सगळ्यांची यादी हातात आहे, सगळ्यांना तो पोचतो, आणि कुणी भरला नाही तर त्याच्या डेस्कवर जाऊन भरून घेता येतो. मॅनेजरबद्दल खरं मत हवं असेल तर समोरासमोर विचारण्यापेक्षा निनावी फॉर्म केव्हाही बरा, फक्त तो खरंच निनावी हवा. कंपनीच्या लॉगिननं उघडणाऱ्या 'अनॉनिमस' फॉर्मवर कोण विश्वास ठेवतो ते आपण सगळे जाणतो :-) फोनही चांगला, ज्यांची आधी भेट झाली आहे त्यांच्याकडे दोन महिन्यांनी पुन्हा चौकशी करायला. प्रत्येक हत्याराचं काम ठरलेलं आहे. माझा राग हत्यारावर नाही, हातात स्क्रूड्रायव्हर आहे म्हणून खिळाही त्यानंच ठोकणाऱ्यावर आहे.

तेव्हा यापुढे कुणी निकाल नाचवत आला की चारच गोष्टी विचारा. हा निष्कर्ष कुणाबद्दल आहे, आणि त्या सगळ्यांची यादी तुमच्याकडे होती का? त्यातल्या किती जणांपर्यंत प्रश्न पोचला? पोचलेल्यांपैकी किती जणांनी उत्तर दिलं, आणि न दिलेल्यांच्या मागे तुम्ही गेलात का? आणि शेवटचं, हे विचारायचीच गरज होती की मोजून, नोंदी बघून काम झालं असतं? या चारांची उत्तरं नसतील तर तो पाय-चार्ट छान फ्रेम करून हॉलमध्ये लावा. त्यावरून कुणाचं गेट बंद करू नका.

आणि तुम्ही स्वतः फॉर्म बनवायला बसाल तेव्हा पहिला प्रश्न टाइप करण्याआधी एक कोरा कागद घ्या. हा फॉर्म जे कधीच भरणार नाहीत, पण ज्यांच्या रोजच्या जगण्यात या निकालानं फरक पडेल, अशा माणसांची नावं त्यावर लिहा. कागद कोराच राहिला तर बिनधास्त लिंक पाठवा. चार नावं जरी आली, तर लॅपटॉप मिटा, चपला घाला आणि त्यांच्याकडे जाऊन या.